उंचीची भीती असेल तर दरीत उतरण्याआधी

सोलापूर सपाट, त्यामुळे डोळ्यांना खोलीची सवयच नसते. थेट भंडारदऱ्याजवळची सांदण दरी गाठू नका. आधी हैदराबाद रस्त्यावरच्या नळदुर्गाला जा. उपळ्या बुरुजावर चढा, निम्म्या पायऱ्यांवर दोन मिनिटं थांबा, मगच पुढे. भीती ओसरेपर्यंत थांबणं महत्त्वाचं. घाबरून पळत उतरलात तर ती उलट पक्की होते.

गरगरतं कशाने? डोळ्यांना जवळची स्थिर वस्तू सापडत नाही, म्हणून तोल डळमळतो. चालताना नजर पुढच्या दीड-दोन मीटरवर ठेवा. खालचं दृश्य पाहायचंच असेल तर आधी थांबा, कातळ धरा, मग पाहा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भीतीने डोंगराकडे कलणं. वजन तळव्यावरून सरकतं आणि बूट बाहेरच्या बाजूला घसरतो. अंग सरळ ठेवा, गुडघे किंचित वाकवा, पावलं आखूड टाका. कातळटप्पा उतरताना तोंड कातळाकडे. दोन हात-दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले. गवताला लोंबकळू नका, ते उपटून येतं.

छाती धडधडली की बसा. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर.

सांदणमध्ये पहिल्या खेपेला दोराने उतरायच्या टप्प्याअलीकडूनच परत फिरा. पावसाळ्यात मात्र अजिबात नको, अरुंद घळीत पाणी अचानक चढतं. पाठीवर पाच-सहा किलोच, त्यात तीन लिटर पाणी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी उत्तम, दिवसभर टिकते.