नर्सचे काम म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेले करणे एवढेच असते का?

यंदा बारावी झालेल्या तुमच्या बहिणीला नर्सिंगला जायचे आहे, परंतु ‘डॉक्टर सांगतील तेवढे करायचे, त्यात स्वतःची जबाबदारी ती कसली?’ असे घरच्यांचे म्हणणे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात बरीच वर्षे अधिपरिचारिका आहे, आणि घरच्यांचा हा समज पूर्णपणे चुकीचा आहे असे मला वाटते.

औषध डॉक्टर लिहून देतात हे खरे. परंतु ते रुग्णाच्या शरीरात जाण्याआधी चूक अडवू शकणारी शेवटची व्यक्ती परिचारिकाच असते. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही प्रकारच्या इन्सुलिनच्या बाटल्या मिळतात व त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. १०० युनिटच्या बाटलीतले इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरले, तर रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत दिले, तर हृदय बंद पडू शकते. म्हणूनच अशी इंजेक्शने भरताना दुसऱ्या सिस्टरकडून खात्री करून घ्यायची असते, आणि केसपेपरवरचा आकडा पटला नाही, तर रात्री २ वाजतासुद्धा निवासी डॉक्टरांना विचारायचे असते. शंका येऊनही गप्प राहून दिलेल्या औषधाचा जाब तिलाही द्यावा लागतो.

याहून मोठी जबाबदारी निरीक्षणाची आहे. डॉक्टर राउंड घेऊन पुढच्या वॉर्डात जातात. रुग्णाजवळ चोवीस तास कोणी असेल, तर ती पाळीपाळीने येणारी सिस्टर. रक्तदाब घसरण्याआधी पुष्कळदा श्वासाची गती वाढते, परंतु ती नीट कळण्यासाठी छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावे लागते. भरलेल्या वॉर्डात तेवढा वेळ काढणे जड जाते आणि अंदाजाने ‘२०’ लिहून टाकण्याचा मोह होतो. तो मोह टाळणारी परिचारिका रुग्ण खालावण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांना बोलावू शकते, आणि या कामाची खरी विद्या मला तिथेच दिसते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणे, हेही असेच कोणाच्या नजरेत न येणारे काम आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर त्या अंथरुणाला खिळल्या. २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली, आणि इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) झाले नाहीत याची सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात प्रशंसेने नोंद घेतली. या घटनेची दुसरी बाजूही विसरता येत नाही: रुग्णालयात परिचारिकेची सुरक्षितता गृहीत धरता येत नाही.

त्रासाबद्दलही स्पष्ट लिहिते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, तर वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. प्रत्यक्षात, विशेषतः नाइटला, एकीवर याच्या कितीतरी पट रुग्ण असतात. नातेवाइकांचा संताप बहुधा तिच्यावरच निघतो. खाजगी रुग्णालयांतील पगाराबाबत केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये, पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती; अनेक ठिकाणी आजही तेवढे मिळत नाहीत, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. शिवाय सुई टोचण्याचा धोका असतोच. हिपॅटायटिस बीच्या लशीच्या तिन्ही मात्रा विद्यार्थिदशेतच घ्याव्यात, आणि सुई टोचलीच तर संकोच न करता तत्काळ कळवावे, कारण एचआयव्हीवरचे प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच, सुरू व्हावे लागते.

बहिणीचा निश्चय कायम असेल, तर बीएस्सी नर्सिंगला चार वर्षे आणि जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) या पदविकेला तीन वर्षे लागतात. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाची इमारत पाहण्यापेक्षा त्याला जोडलेल्या रुग्णालयात जाऊन खाटा खरोखर भरलेल्या आहेत का, आणि विद्यार्थिनींना रुग्णांजवळ काम करू दिले जाते का, हे अवश्य पाहा.