आषाढीला सोडलेली गोळी

"मॅडम, गोळी बंद केली की त्रास होतोय. म्हंजे सवयच लागली न्हवं मला? दारूसारखी?"

हा प्रश्न निरनिराळ्या तोंडून माझ्यापर्यंत सारखा येत असतो. या वेळी विचारणाऱ्या होत्या कोपरखैरण्याच्या एक काकू. नाव सांगत नाही, ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशीलही इकडचे तिकडे केलेत. माहेर-सासर दोन्ही जावळी तालुक्यातलं, यजमान तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, घरात मुलगा-सून. अकरा वर्षांची शुगर. गळ्यात तुळशीची माळ.

सून त्यांना घेऊन आली होती. "आई सारख्या रडतात, जरा काही बोललं की अंगावर येतात." झोप उडालेली, जीव घाबरा होतो, स्वप्नं भलतीसलती. मी श्वासाचे व्यायाम शिकवले, घरातल्या कुरबुरी विचारल्या. दुसऱ्या भेटीतही तेच. चूक माझी. अकरा वर्षांची शुगर असलेली बाई समोर बसलीय आणि मी तिची गोळ्यांची पिशवी बघायला मागितली नाही.

ती भेट संपवून उठता उठता त्या म्हणाल्या, "बसमधनं बाहेर बघताना डोळं असं फिरवलं ना, की डोक्यात चट्‌दिशी करंट बसतो. ट्यूबलाइट लागताना करती बघा, तसं."

मी त्यांना परत खाली बसवलं. "काकू, इतक्यात कुठली गोळी बंद केलीत का?"

केली होती. 'पायाची'. शुगरने नसा खराब होऊन तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या, रात्री पायाला चादर लागलेली खपायची नाही. दोनदोनदा उठून मोरीतल्या गार फरशीवर उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी ड्युलोक्सेटिन ६० मिलिग्रॅम सुरू केली आणि झोप लागू लागली. मग गावाहून आलेल्या पुतण्याने मोबाइलवर नाव टाकून सगळ्यांसमोर वाचून दाखवलं: डिप्रेशनवरची गोळी. "म्हंजे येड्याचीच की!" आषाढी एकादशीला काकूंनी नेम केला, आजपासून बंद. डॉक्टर नेम मोडायला लावतील म्हणून त्यांना कळवलंच नाही.

पुतण्याने वाचलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. ही गोळी डिप्रेशनवर देतात आणि नसांच्या दुखण्यावरही. पायातून दुखण्याचा निरोप वर जातो, तेव्हा मेंदू मणक्यातून खाली 'बास आता' असा उलटा निरोप धाडतो. त्या कामाला लागणारी सेरोटोनिन आणि नॉरएड्रेनालिन ही रसायनं ही गोळी टिकवून धरते. काकांना मी हे सांगत होते तर ते म्हणाले, "गेटवरचा वॉचमनच की! रजेवर गेला की सगळे टेम्पो आत." मला याहून बरं सांगता आलं नसतं.

आता सवयीचं. काकूंना गोळीची तल्लफ नव्हती, त्या डोस वाढवत नव्हत्या, लपवून घेत नव्हत्या. ते व्यसन नव्हे. पण दोन वर्षं रोज मिळणाऱ्या औषधाशी शरीराने जुळवून घेतलेलं असतं. ते एकदम काढलं, आणि हे औषध तर दोन-तीन दिवसांत अंगातून उतरतं, की करंट, चक्कर, मळमळ, रडू, चिडचिड सुरू होते. मन कमकुवत असण्याशी याचा काही संबंध नाही.

गोंधळ होतो तो पुढे, कारण तीन गोष्टी एकात एक मिसळतात: गोळी सुटल्याचा त्रास, परत आलेलं मूळ दुखणं आणि नव्याने येऊ शकणारी उदासी. गोळी सुटल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच येतो आणि करंटसारख्या पूर्वी कधी नसलेल्या गोष्टी आणतो. उदासी सहसा आठवड्यांनी, हळूहळू उतरते. काकूंना लिहायचा कंटाळा, म्हणून आम्ही कालनिर्णयच्या चौकोनांत पेन्सिलीने दोनच खुणा ठरवल्या. पायाचा त्रास झाला तर 'पा', डोक्याचा झाला तर 'डो'. सुनेला मी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांकही त्याच पानावर लिहायला लावला. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही. जिवावर उठणारे विचार आले तर वाट बघायची नाही, हेही सांगितलं.

पिशवी आणि कालनिर्णय घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. ते रागावले नाहीत. गोळी ३० ने पुन्हा सुरू झाली आणि दोन दिवसांत करंट थांबले. मला आवडलं ते दुसरंच: त्यांनी बी-१२ हे जीवनसत्त्व तपासायला सांगितलं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं, त्यात काकू माळकरी, म्हणजे मासळी-मटण नाही. कमीच निघालं. आणि बी-१२ च्या कमतरतेनेही पायाला मुंग्या येतात!

काकू रात्री पाय कढत मिठाच्या पाण्यात बुडवत, तेही तेव्हाच बंद झालं. बधिर तळव्याला चटका कळत नाही, फोड आलेला सकाळी दिसतो. आता सून रोज तळवे बघते. मुलाने कॅप्सूल उघडून दाणे कमी करायचा बेत केला होता, तोही मी थांबवला. त्या दाण्यांवर जठरातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, ते काही घरगुती हिशेबाचं काम नाही.

पानावरून एक उघड झालं. ऑगस्टभर 'डो' जवळजवळ नाही, 'पा' मात्र आठवड्यातून दोन-तीनदा. म्हणजे उरलेला त्रास नसांचा होता, डोक्याचा नव्हे. हे काकूंना स्वतःच्या पेन्सिलीने पटलं, माझ्या बोलण्याने नाही. दसऱ्यानंतर डॉक्टरांनी २० वर आणलं. चार दिवस 'डो' आले, गेले. त्याखाली घाई नको, असं तेच म्हणाले. शेवटच्या पायऱ्या आकड्याने लहान दिसल्या तरी मेंदूला मोठ्या लागतात. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात याच्याच जवळच्या गटातल्या गोळ्यांबद्दल हे मांडलं होतं.

कार्तिकीनंतर काकू आल्या. २० वरच राहायचं, असं त्यांचं आणि डॉक्टरांचं ठरलं होतं. मी विचारलं, "मग नेमाचं काय?"

"बदलला," त्या म्हणाल्या. "इठोबाला सांगितलं, गोळी ऱ्हाऊ दे, साबुदाणा सोडते. शुगर त्यानंच चढती."

काका बाजूलाच होते. "आणि बटाटा?"

"तो तुमच्या मार्केटचा. त्याचं पुढच्या आषाढीला बघू."