नावावर जाऊ नको, भाऊ

सुझुकीच्या अल्टो गाडीच्या पिढ्यांची वही करतोस, बेस केलं. पण नावावर जाऊ नको, तिथंच सारे फसतात. आपली १९८३ ची मारुती ८०० म्हणजे जपानची १९७९ ची अल्टो. १९८६ ला आपल्याकडं नवी ८०० आली ती तिकडची दुसरी पिढी. तेच अंग पाकिस्तानात मेहरान नावानं २०१९ पर्यंत निघत होतं, पाय आता! आपली झेन युरोपात अल्टो म्हणून विकली गेली. म्हणून पान देशाचं नको, पिढीचं कर. सीसी लिहीच: दुसऱ्या पिढीला जपानात ५४३, आपल्याकडे ७९६. आर्वीकडं भंगारात जुनी गाडी दिसली की बॉनेटखालची मॉडेल-नंबरची पाटी ओल्या फडक्यानं पूस. मी पान्ह्यानं खरवडली होती. मातीसंगं अर्धे आकडेही गेले.