फेरेटच्या उकरायच्या पेटीत काय भरावे आणि काय भरू नये

न्यू जर्सीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये दोन फेरेट (मुंगसासारखे लांबट, छोटे पाळीव प्राणी) आहेत, एक चार महिन्यांचे पिल्लू आणि एक तीन वर्षांची मादी. ती दोघे कुंड्या आणि गालिचे उकरून काढतात, म्हणून प्लास्टिकच्या मोठ्या खोक्यात त्यांना हक्काची जागा करून द्यावी असा आपला विचार आहे, आणि त्यात घरातला तांदूळ, राजमा किंवा दुकानात मिळणारी मुलांच्या खेळायची वाळू यांपैकी काय भरावे, असे आपण विचारले आहे. मी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहते आणि बऱ्याच वर्षांपासून फेरेट पाळते. माझ्या मते पिल्लासाठी कागद आणि मादीसाठी ओलसर माती हे सर्वांत बरे. तांदूळ काही अटींवर चालेल, वाळू मी टाळीन आणि राजमा तर कधीही वापरू नये.

खोके करून देण्याचा आपला विचार अगदी योग्य आहे. फेरेट हा युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाळवलेला प्राणी आहे आणि सशांच्या बिळांत सोडण्यासाठी माणसाने तो दोन हजारांहून अधिक वर्षे पाळला आहे. त्यामुळे उकरणे ही त्याची खोड नसून गरज आहे, आणि ती रागावून जात नाही. मात्र तो उकरतो कसा, हे एकदा जवळ बसून पाहावे. पुढचे पंजे चालू असतानाच तो नाक डोळ्यांपर्यंत भरावात खुपसतो, जोराने श्वास ओढतो, शिंकतो, मान झटकतो आणि पुन्हा तिथेच तोंड घालतो. म्हणजे पेटीत जे काही असेल ते त्याच्या नाकातोंडात जाणारच, हे गृहीत धरूनच निवड करावी लागते. त्याचे आतडे आखूड असते, खाल्लेले साधारण तीन-चार तासांत बाहेर पडते, पण नळी इतकी अरुंद की गिळलेला छोटा तुकडासुद्धा तिथे अडकू शकतो आणि मग शस्त्रक्रियेवाचून इलाज राहत नाही. म्हणून कोणत्याही वस्तूबद्दल मी आधी तीन गोष्टी पाहते: ती पाण्याने फुगते का, तिची धूळ उडते का, आणि गिळता येईल पण पुढे सरकणार नाही असा तिचा आकार आहे का.

राजमा या कसोटीवर लगेच बाद होतो. रात्री भिजत घातलेला राजमा सकाळी केवढा होतो हे आपल्या स्वयंपाकघरात सर्वांनाच ठाऊक आहे, आणि तेच पोटात घडले तर काय होईल हे निराळे सांगायला नको. शिवाय कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे विषारी द्रव्य असते, जे नीट शिजवल्यावरच नष्ट होते. छोले, हरभरे, वाटाणे आणि मक्याचे दाणे यांनाही आकाराचा तोच आक्षेप लागू पडतो. डाळी बारीक असल्या तरी त्या फुगतातच, तेव्हा त्याही नकोत.

तांदळाबद्दल फेरेट पाळणाऱ्यांत एकमत नाही. पुष्कळ जण तो वापरतात, कारण दाणा लहान आणि गुळगुळीत असतो, एखाददुसरा पोटात गेला तर सहसा बाहेर पडतो, आणि फेरेटला त्यात पोहल्यासारखे उकरता येते. मी तो धडधाकट, मोठ्या आणि चावण्याची सवय नसलेल्या जनावरापुरताच योग्य मानते. लांब दाण्याचा, कच्चा, साधा तांदूळ घ्यावा. झटपट शिजणारा नको, कारण तो आधीच अर्धवट शिजवून वाळवलेला असतो आणि पाणी पटकन शोषतो. पेटीत ओतण्यापूर्वी तो बारीक चाळणीने चाळून कणी आणि पीठ काढून टाकावे. आणखी एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी सांगते. साठवणीच्या तांदळाला कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर चोळण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. आपण तो धुऊन खातो, पण फेरेट तो तसाच हुंगतो आणि पंजे चाटतो, आणि बोरिक अ‍ॅसिड त्याला बाधते. डब्यातल्या तांदळाला पावडर लावली आहे की नाही याची खात्री नसेल, तर तो वापरू नये. पेटीत लघवी झाली किंवा पाणी सांडले, तर वरचा थर काढून भागत नाही, सगळा तांदूळ टाकावा लागतो, कारण ओल्या तांदळाला बुरशी लवकर धरते.

वाळूचा मुख्य दोष धुळीचा आहे. धुतलेली म्हणून विकली जाणारी वाळूही वाळली की तिची बारीक पूड उडते, आणि नाक खुपसून श्वास ओढणाऱ्या प्राण्याला ती थेट फुप्फुसात जाते. वापरायचीच असेल तर ती कायम ओलसर ठेवावी लागेल. मांजरांच्या शौचाच्या ट्रेत घालायची, ओली झाली की गोळा होणारी लिटर मात्र कोणत्याही परिस्थितीत घालू नये. ती ओल्या नाकाला चिकटते आणि पोटात गेली तर तिथेही घट्ट गोळा होतो. पाइन आणि सीडर लाकडाचा भुसाही त्याच्या उग्र वासाच्या द्रव्यांमुळे श्वसनाला अपायकारक आहे.

माती मला सर्वांत जास्त पटते, कारण फेरेटचे शरीर तिच्यासाठीच घडले आहे. दुकानातून निर्जंतुक केलेली साधी माती आणावी आणि पिशवीवरचा मजकूर पूर्ण वाचावा: खत, कीटकनाशक आणि पर्लाइटचे पांढरे दाणे, यांपैकी काहीही नको. कोको बियांच्या टरफलांचे आच्छादन बागेसाठी विकले जाते. त्यात चॉकलेटमधलेच थिओब्रोमिन हे फेरेटला विषारी असलेले द्रव्य असते, तेव्हा ते मिसळलेली माती घेऊ नये. अंगणातली किंवा उद्यानातली माती आणू नये, कारण न्यू जर्सीत रॅकून हे रानटी प्राणी सर्रास फिरतात आणि त्यांच्या विष्ठेतल्या जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. ती माणसालाही घातक असतात. माती इतकीच ओली असावी की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. पंधरा ते वीस सेंटिमीटरचा थर पुरेसा होतो. भिंती उंच असलेले खोके घ्यावे आणि आत शिरण्यापुरती एक बाजू कापून तिची धार घासून घ्यावी. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हेही असेच चालते, पण त्याची दाबून केलेली वीट पाण्यात पूर्ण फुलवून, मोकळी करून आणि पिळूनच. कोरडे कोकोपीट पोटात जाऊन फुगणे धोक्याचे आहे.

फ्लॅटमध्ये माती नकोशी वाटत असेल, आणि पिल्लासाठी तर नक्कीच, कागदापासून सुरुवात करावी. साध्या तपकिरी कागदाचे चुरगाळलेले बोळे आणि रुंद पट्ट्या घ्याव्यात. गुळगुळीत छपाईचे मासिकांचे कागद, पिना आणि चिकटपट्टी बाजूला काढावी. फ्लीसच्या कापडाचे मोठे तुकडे चांगले, कारण त्याचे दोरे सुटत नाहीत. टॉवेलच्या फासांत मात्र नखे अडकतात. पार्सलमधून येणारे थर्माकोलचे तुकडे हा फेरेटच्या बाबतीत सर्वांत फसवा पदार्थ आहे, कारण लहान फेरेटना रबर, फोम आणि स्पंज चावण्याची विलक्षण ओढ असते. स्टार्चपासून केलेले तुकडे दिसायला तसेच असतात. एक तुकडा पाण्यात टाकून पाहावा, विरघळला तरच तो पेटीत जावा. प्लास्टिकचे मोठे चेंडू मादीला देऊन पाहता येतील, पण त्यांवर दातांच्या खुणा दिसू लागल्या की लगेच काढून घ्यावेत.

भराव कोणताही असो, सुरुवातीचे काही दिवस समोर बसूनच खेळू द्यावे आणि खेळ संपल्यावर झाकण लावावे. फेरेट झोपेतून उठल्यावर लगेच कोपरा गाठून शी करतो, म्हणून आधी त्याला त्याच्या ट्रेवर जाऊ द्यावे आणि मगच पेटी उघडावी. त्यामुळे भराव पुष्कळ दिवस स्वच्छ राहतो.

इतके करूनही फेरेट पंजाने तोंड ओरबाडू लागला, तर आधी टाळूला काही चिकटले आहे का ते पाहावे. तो खाणे सोडून मलूल पडून राहिला, दात खाऊ लागला, उलट्या करू लागला किंवा त्याची शी दोऱ्यासारखी बारीक झाली अथवा थांबलीच, तर आतडे अडले असल्याची शक्यता धरून त्याच दिवशी, रात्र असली तरी, फेरेट तपासणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. घरी तेल किंवा रेचक देऊन वाट पाहू नये. पेटीतला मूठभर भराव पिशवीत घालून सोबत न्यावा, म्हणजे नेमके काय गिळले असेल याचा अंदाज डॉक्टरांना लगेच करता येतो.