स्पायरलला नागमोडी म्हणू नका

प्रश्न असा आला आहे: डोंगर चढताना रेल्वेमार्ग गोल फिरून स्वतःच्याच वरून जातो, त्याला इंग्रजीत स्पायरल किंवा लूप म्हणतात. मराठीत 'नागमोडी मार्ग' म्हटलं तर चालेल का? आणि लूप तो की ती?

नागमोडी चालणार नाही, अजिबात नाही. वैभववाडी–कोल्हापूर किंवा चिपळूण–कराड रेल्वेची चर्चा निघाली की हा शब्द हटकून येतो आणि हटकून चुकीच्या जागी बसतो. नाग डावीकडे मोडतो, उजवीकडे मोडतो, पुढे सरकतो. आंबोलीचा रस्ता नागमोडी. नेरळ–माथेरानची गाडीही नागमोडीच, मधली काही वळणं घोड्याच्या नालेसारखी असली तरी. स्पायरलमध्ये रूळ एकाच बाजूला वळत राहतात, पूर्ण फेरा करतात आणि स्वतःला ओलांडतात: वरचा मार्ग पुलावरून जातो, नाहीतर खालचा बोगद्यातून. ओलांडणं नसेल तर ते स्पायरल नव्हे. भोर घाटात ते नाही. तिथे १ इन ३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, आणि कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. १९२९ पर्यंत खंडाळ्याखाली गाडीची दिशा उलटी करणारं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, पण तो तिसराच प्रकार. लोंढ्याहून गोव्यात उतरताना कॅसल रॉक ते कुळे या ब्रागांझा घाटातही १ इन ३७ चाच उतार आहे, स्पायरल नाही.

'लूप' कोकणात तर मुळीच उपयोगाचा नाही. कोकण रेल्वे रोहा–वीर सोडलं तर बहुतांशी एकेरी. 'गाडी लूपला घेतली' म्हणजे क्रॉसिंगसाठी स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घेतली, हे रत्नागिरीच्या फलाटावरचं पोरही सांगेल. 'स्पायरल' तसंच ठेवावं तर रूळ सांभाळणारे इंजिनिअर सरळ मार्ग आणि वर्तुळाकार वळण यांच्या मधल्या हळूहळू वळत जाणाऱ्या तुकड्यालाही स्पायरल म्हणतात. तो तुकडा सपाटीवरही असतो.

विज्ञानलेखकांचा लाडका 'सर्पिल' मला मान्य नाही. आकाशगंगेसाठी तो शोभतो, कारण ती सपाट आहे आणि केंद्रापासून लांब जाताना तिची त्रिज्या वाढत जाते. रेल्वेच्या फेऱ्यात त्रिज्या साधारण तीच राहते, वाढते ती उंची. अशा आकाराला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: मळसूत्र, म्हणजे स्क्रू. पाठ्यपुस्तकात 'मळसूत्री मार्ग' लिहा, माझी हरकत नाही. पण आज तो तोंडात कोणाच्या आहे? 'पीळ' सुचवणारेही आहेत. पीळ सुंभाला असतो, सुंभ स्वतःभोवतीच वळतो. रूळ डोंगराभोवती वळतात.

शब्द हवा तो 'पेच'.

फारसीत 'पेचीदन' म्हणजे वळणं, गुंडाळणं. त्यावरून पेच. जुन्या फारसीतला हा 'पे' इराणात आता 'पी' झाला आहे, ते 'पीच' म्हणतात. आपल्याकडे जुना उच्चार टिकला. इराणात आजही पीच म्हणजे स्क्रू आणि पीच म्हणजे रस्त्याचं वळण, दोन्ही. आपल्याला हवे ते दोन्ही अर्थ एका शब्दात तयार आहेत! पागोट्यावर बांधायचा दागिना तो सरपेच, मराठीत शिर जोडून शिरपेच झाला. मग कुस्तीचा पेच, त्यातून डावपेच. पतंगाचा पेच तर नीट बघा: दोन मांजे एकमेकांना वरून-खालून ओलांडतात, तेव्हाच 'पेच लागला' म्हणतात. वळणं आणि ओलांडणं, स्पायरलची दोन्ही लक्षणं या दोन अक्षरांत आहेत. 'पेचात पडलो' मधली अडचण ही मागाहून आलेली छटा आहे. तोच मूळ अर्थ समजून जे या शब्दाला नाकं मुरडतात त्यांनी आधी पतंग उडवावा.

फिटर स्क्रूच्या दोन आट्यांमधल्या अंतराला 'पिच' म्हणतो, तो इंग्रजी शब्द वेगळ्या कुळातला. त्याचं पेचाशी नातं जोडू नका. कल्पना मात्र तीच आहे: एका फेऱ्यात किती उंची मिळाली?

हिशोब करून बघू. ब्रॉडगेजवर २५० मीटर त्रिज्येचा फेरा घेतला तर परीघ १,५७१ मीटर. चढ १ इन १०० धरला तर कागदावर १५.७ मीटर उंची मिळते. पण वळणावर चाकं रुळाला घासतात, इंजिनाला जास्त ओढावं लागतं, म्हणून तेवढा चढ कमी करावा लागतो. नियम असा: ७० भागिले त्रिज्या, तेवढे टक्के वजा. इथे ०.२८ टक्के गेले, राहिले ०.७२, उंची उरली ११.३ मीटर. त्यात खालची गाडी, विजेच्या तारा, तारांवरची मोकळी जागा आणि वरच्या पुलाच्या गर्डरची जाडी बसवायची. बसतं. हाच फेरा १ इन २०० ने केला तर उंची मिळते फक्त साडेतीन मीटर. खालच्या गाडीचं छप्परच त्याहून वर जातं, म्हणजे पेच लागतच नाही. त्रिज्या वाढवली तर उंची वाढते, पण मग सपाट जागा किंवा लांब बोगदा लागतो.

पेचात गाडी सोपी चढते ती फेऱ्यामुळे नव्हे, लांबी वाढल्यामुळे. १ इन ३७ वर दर टनामागे सुमारे २७ किलोचा ओढ पडतो, १ इन १०० वर १० किलोचा. किंमत रुळांना मोजावी लागते. वळण एकाच बाजूचं, म्हणून बाहेरच्या रुळाचा आतला गाल झिजतो, तिथे ग्रीस लावत राहावं लागतं. हळू चढणाऱ्या मालगाड्या आतल्या रुळावर भार टाकतात आणि त्याचा माथा चपटा होतो.

जगातल्या नमुन्यांत ब्रुझिओ बघण्यासारखं आहे. स्वित्झर्लंडमध्ये, १९०८ चं, नऊ कमानींच्या उघड्या पुलावरचा पेच, त्रिज्या ७० मीटर, चढ ७ टक्के. कॅलिफोर्नियातला तेहाचापीचा १८७६ चा. लांब मालगाडीचं इंजिन तिथे आपल्याच शेपटीच्या वरून जातं. आपल्या देशात दार्जिलिंगचा बतासिया, १९१९ चा. हे नाव बत्तासा या मिठाईवरून नाही, 'बतास' म्हणजे वारा. घूमहून दार्जिलिंगकडे जाणारी गाडी तिथे चढत नाही, उतरते. पेच दोन्ही दिशांनी चालतो. आणि ज्या देशातून शब्द आला तिथे वेरेस्क पुलाजवळ एकाच डोंगरउतारावर रुळांच्या तीन पातळ्या दिसतात. तिथले लोक त्यांना 'तीन सोनेरी रेषा' म्हणतात.

कोकण रेल्वेवर पेच का नाही? तिची आखणी १ इन १५० चढ आणि १,२५० मीटर किमान त्रिज्या धरून झाली. त्या मापाचा एक फेरा म्हणजे ७.८५ किलोमीटर रूळ, अडीच किलोमीटर रुंद वर्तुळ आणि वळणाची वजावट धरून मिळणारी उंची ४८ मीटर. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या या चिंचोळ्या, नद्यांनी चिरलेल्या पट्टीत तो ठेवणार कुठे? म्हणून करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खणला आणि पानवलला ६४ मीटर उंच पूल बांधला. मार्ग डोंगर चढत नाही, आरपार जातो.

फारसी शब्द नको म्हणणाऱ्यांना एवढंच: सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम रत्नागिरीतूनच चालवली, आणि त्यांनी घडवलेले 'महापौर', 'दिनांक' हे शब्द रुजले कारण त्यांची गरज होती. पेच गेली कित्येक शतकं आपल्या कुस्तीत, पागोट्यात आणि आभाळात आहे. त्याला हाकलून 'सर्पिल' आणण्यात शुद्धी कसली?

राहिलं लिंग. स्टेशनातली लूप स्त्रीलिंगी, कारण ती मूळची 'लूप लाइन' आणि लाइन आपण स्त्रीलिंगी मानतो. दार्जिलिंगचा लूप पुल्लिंगी म्हणतात, तेही चालेल. पेच मात्र निर्विवाद पुल्लिंगी.