मोबाइल पालथा का ठेवता, भाऊ?

चाळीसगाव तालुक्यातल्या एका लेडीज टेलरभाऊंचं पत्र आहे. वय ४७. लग्नसराईत रात्री एक-दोनपर्यंत मशीन चालते आणि सोबतीला मोबाइलवर ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’. अमेरिकेतला हा कार्यक्रम २००९ पासून चालू आहे. बहुतेक पुरुषच, बायकांचा साजशृंगार करून उतरतात. पोशाख, नाच, विनोद यांत चढाओढ. मागे पडलेल्या दोघांनी गाण्यावर ओठ हलवत जीव तोडून नाचायचं आणि सहसा एकाने घरी जायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेव्हणे आले, त्यांनी हे पाहिलं आणि चारचौघांत ‘छक्क्यांचा प्रोग्राम’ म्हणाले. तेव्हापासून बायको गप्प. भाऊ विचारतात, “ताई, मला हे मनापासून आवडतं. माझ्यात काही खोट आहे का? बंद करू का?”

भाऊ, तुमच्या चार पानांतली अडीच पानं कपड्यांवर आहेत! फोम कापून कमरेखाली कसा बसवतात, त्यावर तीन-चार टाइट्स चढवून गोलाई कशी आणतात, कॉर्सेट आवळल्यावर मापं कशी बदलतात. भुवया डिंकाने चपट्या बसवून वर नवी भुवई काढतात हे वाचून तर मी आरशात बघून आले. आणि शिवता न येणारा ग्लू गनने कापड चिकटवतो, त्याचा तुम्हाला आलेला राग! ‘हात वर केला की उसवणार’ म्हणे. अगदी पहिल्या भागात जुन्या कपड्यांच्या नि स्वस्त मालाच्या दुकानांतल्या वस्तूंतून पोशाख करायला लावले होते, तो तुम्ही तीनदा पाहिलात. कतरणीतून झबली शिवणाऱ्या माणसाला तो नाही आवडणार, तर कोणाला?

खोटबिट काही नाही. एखाद्याच्या मनात याहून वेगळं काही असतं, तीही खोट नव्हे. तसं कधी वाटलं तर निवांत लिहा. या पत्रात मात्र मला टेलरच दिसला.

मेव्हण्यांचा तो शब्द घाणेरडा आहे, शिवाय चुकीचा. ड्रॅग हे सोंग, मेकअप पुसला की उतरतं. ट्रान्स बाई म्हणजे जन्मल्यावर जिला मुलगा ठरवलं गेलं ती. ती सोंग घेत नाही, ती बाईच असते. कार्यक्रमात त्याही येतात, पंधरावा हंगाम साशा कोल्बी या ट्रान्स बाईने जिंकला. जत्रेतल्या तमाशात गौळणीतली मावशी कोण करतं, हे मेव्हण्यांना माहीत असेलच. बालगंधर्वांचा दाखलाही देता येईल. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे, आणि त्यांची साडी नेसायची ढब घरंदाज बायका उचलायच्या. पण खरं सांगू? मला हा दाखला आता कंटाळवाणा वाटतो. आवडीला थोरामोठ्यांचं सर्टिफिकेट कशाला? त्यातून गंधर्व सोज्ज्वळ, ही मंडळी आचरट. चष्मे लावून एकमेकांची अशी उणीदुणी काढतात की विहिणीला टोचून म्हटलेली लग्नातली गाणी आठवावीत. मला आचरटपणाच आवडतो, असं म्हणा की सरळ.

गुंता आहे तो वहिनींचा. त्या दुकानात आल्या की तुम्ही मोबाइल पालथा ठेवता. दोन वर्षं! पालथा मोबाइल बघून कुठलीही बायको ड्रॅगचा विचार करत नाही हो, ती भलताच विचार करते. आखाजीच्या रात्री त्यांनी एकदाच विचारलं, “हाई काय दखी ऱ्हायनात इतली रातले?” तुम्ही म्हणालात, “काही नही, बातम्या.” तिथे चुकलात.

मेव्हण्यांना उत्तर देत बसू नका. वहिनींना मात्र सांगा, लाज वाटली म्हणून लपवलं. मग मोबाइल नको, घरच्या टीव्हीवर तो पहिला भाग लावा. इंग्रजी कळेल तेवढं कळेल. समजावत बसू नका, शेजारी बसून शेंगा सोला. दुकानातले हुक, काज, हातशिलाई सगळं त्याच करतात ना? चिकटवलेली पट्टी त्यांना तुमच्याआधी दिसेल. नाहीच आवडलं तर राहू द्या. रात्री एकटे बघा, पण मोबाइल उताणा ठेवून.

आणि आखाजीसाठी शिवायला टाकलेला त्यांचा स्वतःचा ब्लाऊज अजून थप्पीत सगळ्यात खाली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तो आधी काढा.