वाचक विचारतात : बायबल अभ्यास आणि मोबाईल

प्रश्न : रोज चालताना ऑडिओ बायबल ऐकते. चार-पाच अध्याय सहज होतात, पण घरी आल्यावर काहीच आठवत नाही. काय चुकतं?

उत्तर : अध्याय जास्त होताहेत. एकच घ्या आणि तोच तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसता ऐकायचा, दुसऱ्यांदा परत परत येणारा शब्द हेरायचा आणि तिसऱ्यांदा घरी, समोर छापील पान आणि हातात पेन्सिल घेऊन. मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) पहिल्या अध्यायापासून सुरुवात करा. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'लगेच' या अर्थाचा 'युथुस' हा शब्द दहाहून जास्त वेळा आला आहे. भाषांतरात तो कुठे 'लगेच', कुठे 'तत्काळ' होतो, कुठे गळतोही. पण प्रसंगामागून प्रसंग येण्याची ती घाई कानाला बरोबर जाणवते.

वेग १ वरच ठेवा. विशेषतः स्तोत्रांत पहिली ओळ जे म्हणते तेच दुसरी ओळ वेगळ्या शब्दांत पुढे नेते. दीडपट वेगात मधला श्वासच जातो आणि दोन्ही ओळी एकमेकींत मिसळतात.

रेकॉर्डिंग कोणतं, हेही बघा. पार्श्वसंगीत आणि वेगवेगळ्या आवाजांचं नाट्यरूप ऐकायला गोड लागतं, पण ते अर्थही ठरवून टाकतं. लूक १०:४१ मधलं येशूचं 'मार्था, मार्था' रागावून म्हटलंय की मायेनं? वचनात ते लिहिलेलं नाही. कलाकाराचा आवाज मात्र उत्तर देऊन मोकळा होतो. अभ्यासाला एकाच आवाजातलं साधं वाचन घ्या. नाट्यरूप नंतर जरूर ऐका. आणि कधीतरी मार्कचे १६ अध्याय एका बैठकीत ऐका, साधारण दीड तास लागतो. प्रकटीकरण १:३ मध्ये वाचून दाखवणारा आणि ऐकणारे, दोघांनाही धन्य म्हटलंय. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांत बहुतेकांपर्यंत वचन कानांवाटेच पोहोचत होतं.

प्रश्न : नेट गेलं की ऑडिओ थांबतो. अ‍ॅपमध्ये बायबल डाउनलोड केलेलं आहे, तरीही!

उत्तर : बऱ्याच अ‍ॅपमध्ये डाउनलोड होतो तो फक्त मजकूर, ऑडिओ वेगळा उतरवावा लागतो किंवा थेट नेटवरूनच वाजतो. डाउनलोड झाल्यावर एअरप्लेन मोड लावून एक अध्याय वाजवून बघा, लगेच कळेल. जागेचा हिशेब सोपा आहे : ६४ केबीपीएसची एमपी३ तासाला सुमारे २९ एमबी घेते, म्हणजे अख्खा मार्क ४५ एमबीच्या आत बसतो. सुट्या फाइल पेन ड्राइव्हवर घेतल्या तर नावं ०१, ०२ अशी द्या, स्तोत्रांना ००१ पासून. नाहीतर काही प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात. फुकट ऐकता येणारं रेकॉर्डिंग इतरांना वाटायची परवानगी असतेच असं नाही, अटी वाचा.

प्रश्न : अभ्यासगटात सांगितलं, की योहान २१ मध्ये येशू आपला शिष्य पेत्र याला 'माझ्यावर प्रीती करतोस का' विचारतो, तेव्हा 'अगापे' म्हणजे दैवी प्रीती विचारतो आणि पेत्र 'फिलेओ' म्हणजे नुसती मैत्री देऊ करतो. अ‍ॅपमध्ये शब्दावर बोट ठेवलं तर खरोखरच दोन क्रमांक दिसतात. मग हे बरोबर ना?

उत्तर : दोन क्रमांक खरे आहेत, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. हे क्रमांक जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या शब्दसूचीतले. 'अगापाओ' हे क्रियापद ग्रीक २५, 'फिलेओ' ग्रीक ५३६८. क्रमांक एवढंच सांगतो, की इथे मूळ शब्द कोणता आहे. त्या वाक्यात त्याचा अर्थ काय, हे तो सांगत नाही.

आता पुढची पायरी, जी बहुतेक जण गाळतात : त्याच क्रमांकाची सगळी वचनं उघडा. स्टेप बायबल आणि ब्लू लेटर बायबल या दोन्ही मोफत साइटवर ती यादी मिळते. योहान ३:३५ मध्ये पिता पुत्रावर प्रीती करतो, तिथे 'अगापाओ'. ५:२० मध्येही पिता पुत्रावर प्रीती करतो, आणि तिथे 'फिलेओ'! एकाच लेखकानं एकाच नात्यासाठी दोन्ही वापरले आहेत. २ शमुवेल १३ च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तर अम्नोनाच्या तामारेवरच्या वासनेलाही 'अगापाओ' आहे. म्हणजे 'दैवी' हा अर्थ त्या शब्दात मुळातच भरलेला नाही. योहान २१ मध्ये फरक अभिप्रेत असू शकतो, पण तो संदर्भातून दाखवावा लागेल. माझ्या मते त्या प्रसंगाचा भार तीनदा विचारण्यावर आहे, कारण येशूला पकडलं तेव्हा पेत्रानं त्याला तीनदाच नाकारलं होतं.

प्रश्न : गटात व्हिडिओ लावला की चर्चा व्हिडिओवरच होते, वचनावर नाही.

उत्तर : क्रम उलटा करा. आधी उतारा मोठ्याने वाचा, प्रत्येकानं एक प्रश्न लिहून ठेवावा, मग व्हिडिओ. दहा मिनिटांपेक्षा मोठा नको. पडद्यावर संदर्भ आला की थांबवा आणि ते वचन उघडून बघा. शेवटी उतारा पुन्हा वाचा आणि लिहिलेल्या प्रश्नांपासून बोलायला लागा.

प्रश्न : एका ऑडिओत २३ वं स्तोत्र लावलं तर भलतंच लागलं. फाइल चुकीची आहे का?

उत्तर : बहुधा नाही. ग्रीक-लॅटिन परंपरेत ९ आणि १० ही स्तोत्रं एकच धरतात, त्यामुळे पुढचे बरेचसे क्रमांक एकाने मागे असतात. 'परमेश्वर माझा मेंढपाळ' तिथे २२ वर सापडेल.